घोडं पेंड खातंय कुठं?

घोड्याला काय होतंय हे सांगणाऱ्यांचा परभणी जिल्ह्यात तुटवडा कधीच नव्हता. तुटवडा आहे तो घोड्यांचा. स्टेशनवरचे टांगे गेले, तिथं ऑटो उभे राहिले. पाटलाच्या दारची घोडी गेली, तिच्या जागी बोलेरो लागली. उरली ती लग्नातली घोडी, आणि तीही नवरदेवाला भाड्यानं थार मिळाली नाही तरच. घोडी कमी झाली तरी घोड्यातलं कळणारी माणसं मात्र होती तेवढीच राहिली. त्यामुळं हल्ली एखाद्या गावात घोडी नुसती फुरफुरली तरी तिच्या एका शेपटीमागं पंधरा-वीस जाणकार सहज उभे राहतात. त्यातले निम्मे जण आयुष्यात एकदाच घोड्यावर बसलेले असतात, स्वतःच्या लग्नात. आणि तेही दोघांनी दोन्हीकडून धरलेलं असताना.

आमच्या थोरल्या मामांची चांदणी ही अशीच जाणकारांच्या तावडीत सापडलेली घोडी. मामांचं गाव जिंतूर रस्त्याला. सोयाबीन आणि तूर हा त्यांचा धंदा, लग्नाला घोडी देणं हा जोडधंदा, आणि दोन्हींत मिळून किती बुडाले याची पारावर चर्चा करणं हा मुख्य उद्योग. चांदणी त्यांनी माळेगावच्या यात्रेत घेतली. खंडोबाची ही यात्रा भरते नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात, मार्गशीर्षात. पण घोडं-गाढव घ्यायला तिथं आमच्याकडचीही माणसं लोटतात. मामांचा सौदा रुमालाखाली झाला. दलालानं रुमालात हात घातला, मामांनी घातला, आत बोटांची दाबादाबी झाली, बाहेर दोघंही आभाळाकडं बघत उभे. तोंडातून चकार शब्द नाही आणि हजारांच्या गोष्टी ठरल्या. घोडी घ्यायला गेलेला माणूस असा मुका होतो, आणि घोडी घरी आली की तीच मुकी आहे म्हणून हळहळतो.

सौद्याआधी मामांनी भोवरे तपासले होते. छातीवर देवमण असला की घरात बरकत येते. डोळ्याखाली आसूढाळ असला की मालकाला रडवतो. चांदणीला देवमण होता, आसूढाळ नव्हता, रंग नुकरा, ओठ गुलाबी. एवढं सगळं बारकाईनं बघणाऱ्या मामांनी तिचे दात मात्र बघितले नाहीत. दलालानं सांगितलेलं वय ऐकायला बरं वाटलं होतं, ते दातांनी खोटं पाडलं असतं तर काय घ्या.

तुळशीचं लग्न लागलं, माणसांची लागू लागली आणि चांदणीनं असहकार पुकारला. लगाम तोंडाजवळ आणला की मान झटकायची. परण्या मारुतीच्या देवळापाशी गेला, नवरदेव पाया पडायला उतरला, की त्याला परत वर घ्यायलाच तयार नसायची. सकाळी हौदातलं गार पाणी हुंगून मागं सरायची. भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी पुढ्यात ठेवली की आधाशासारखी तोंड घालायची, दोन-चारदा चावायची आणि मान वाकडी करून अर्धवट चावलेला गोळा खाली टाकून द्यायची. बरगड्या मोजता येऊ लागल्या.

मामांचा फोन आला. “भाचेबुवा, घोडी खायनाय. तोंडात घ्यायलीय अन् टाकून द्यायलीय.”

मागून मामीचा आवाज येत होता. “लिदीत हरभरा आख्खाच्या आख्खा पडायलाय. चार दिस झाले सांगायलेय. पण हितं माझं कोन ऐकतंय?”

तिचं खरंच कुणी ऐकलं नाही. मीही नाही, रेंज नीट नव्हती.

मग जाणकार आले. एकानं नजर उतरवली. दुसऱ्यानं घोडीला कडू हवंय म्हणून मेथीचा लाडू सुचवला आणि स्वतः दोन खाऊन दाखवले. बँडमास्तरचं म्हणणं पडलं की घोडी जुन्या चालीत मुरलेली आहे, डीजेच्या तालावर तिचे पाय पडत नाहीत. यात थोडं तथ्य असावं, कारण डीजे लागला की पाय धड कुणाचेच पडत नाहीत. परभणीहून नालबंद चाचा आले. त्यांनी चारी पाय उचलून बघितले, खुरावर हातोडीनं टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, “पैरां में कुच नई मामू. नालां एकदम फस्ट क्लास. ये मुंडी देखो, एकीच तरफ टेढी कर रई.” एवढं बोलून त्यांनी चहा घेतला, नालांचे पैसे घेतले आणि गेले. नाल न ठोकता बोललेलं वाक्य म्हणून त्याकडं लक्ष देण्याचं कुणाला कारण वाटलं नाही.

त्याच आठवड्यात गावात नंदीबैलवाला आला. अंगावर झूल, गळ्यात घुंगरं, कवड्यांच्या माळा. ढोलकं गुबूगुबू वाजलं आणि मामांनी प्रश्न टाकला. “माझी घोडी बरी होईल का?” नंदीनं मान डोलावली. पाठोपाठ शेजारच्यानं विचारलं, यंदा पीकविमा मिळेल का? नंदीनं तितक्याच खात्रीनं मान डोलावली. तिथं मामांचा विश्वास उडाला. मी नंदीवाल्याला बाजूला घेऊन विचारलं, की ह्याला खरंच कळतं का हो. तो हसला. म्हणाला, “मान त्याची हाय मालक. इशारा माझा.” धंद्याचं गुपित इतक्या सरळपणानं सांगणारा माणूस मला नंतर भेटला नाही. ज्यांना भेटलो त्यांना बहुतेक स्वतःचा इशारा ठाऊकच नव्हता.

इथं पुण्याच्या सूनबाई गोष्टीत येतात. मामांची ही धाकटी सून आयटीत आहे. तिच्याकडं एक लॅब्रॅडोर आहे आणि त्या लॅब्रॅडोरला स्वतःची मतं आहेत. ती मतं तिला एका ॲनिमल कम्युनिकेटर मॅडमकडून कळतात. मॅडम प्राण्याच्या मनाशी मन जुळवतात. प्राणी समोर असण्याची गरज नाही, फोटो पुरतो. भाषेचीही अडचण नाही, कारण सगळं टेलिपथीनं. सत्राचे अठराशे रुपये तेवढे आधी भरायचे. ते मात्र यूपीआयनं, टेलिपथीनं चालत नाहीत.

“बाबा, मॅडम फार सेन्सिटिव्ह आहेत,” सूनबाई फोनवर म्हणाली. “फक्त फोटो पाठवा. दोन्ही डोळे स्पष्ट दिसले पाहिजेत, आणि फोटोत दुसरं कुणी नको.”

फोटोची जबाबदारी माझ्यावर आली. घोड्याचे डोळे असतात डोक्याच्या दोन बाजूंना. मागं नेमकं काय चाललंय हेसुद्धा त्याला बरंचसं दिसतं. नाकासमोरचं आणि थेट शेपटीमागचं तेवढं दिसत नाही. त्यामुळं दोन्ही डोळे एका फोटोत हवे असतील तर बरोब्बर नाकासमोर उभं राहावं लागतं, आणि नाकासमोर काही आलं की घोडी ते हुंगायला पुढं येते. मी काढलेल्या सगळ्या फोटोंत फक्त नाकपुड्या आल्या. शेवटी मामांच्या मोबाइलमधला एक जुना, सुरेख फोटो सापडला. चांदणी समोर बघतेय, दोन्ही डोळे स्वच्छ. फक्त पाठीवर सेलूचा एक नवरदेव होता. मुंडावळ्या, गॉगल, हातात कट्यार. कापून टाकता येईना, कारण त्याच्या गुडघ्याबरोबर चांदणीचा कान जात होता. तसाच पाठवला.

सत्राच्या दिवशी मामा धुतलेलं धोतर नेसून गोठ्यात बसले. फोन स्पीकरवर ठेवून गव्हाणीच्या कडेला टेकवला. मॅडमचा आवाज गोड होता, आणि बोलण्यात कुठंही लबाडी वाटत नव्हती हे मी आधीच सांगून टाकतो. “मी आता चांदणीशी कनेक्ट होतेय,” त्या म्हणाल्या. मग बराच वेळ शांतता. मामांनी हात जोडले. चांदणीनं तेवढ्यात पाय फाकवून मोकळेपणानं मूत्रविसर्जन केलं. त्याचा आवाज पुण्यापर्यंत गेला असणार, पण मॅडमची समाधी भंगली नाही.

“खूप भीती जाणवतेय,” मॅडम म्हणाल्या. “छातीत धडधड. गळ्याभोवती काहीतरी घट्ट. आपल्याला न विचारताच आपलं आयुष्य ठरवलं जातंय, अशी भावना.”

मामा विचारात पडले. “ते नवरदेवाचं असंल मॅडम. वर बसलेला. लई भिऊन गेलं होतं पोरगं.”

“ऊर्जा कधीकधी मिसळतात,” मॅडम म्हणाल्या, आणि पुढं गेल्या. मागच्या जन्मी चांदणी लढाईत होती, घोडदळात. तिच्या कानात अजून तोफा वाजतात, म्हणून तिला डीजे सोसत नाही. हे ऐकून मामांची छाती फुगली. संताजी-धनाजींची गोष्ट मराठी घरात सगळ्यांना पाठ असते. मोगलांची घोडी पाणवठ्यावर थबकली की शिपाई त्यांना विचारायचे, काय रे, पाण्यात तुला संताजी-धनाजी दिसतात का? मामांनी लगेच दुवा जुळवला. आपली घोडी सकाळच्या पाण्याला तोंड लावत नाही ती उगीच नाही. फक्त यात एक अडचण होती, ती मी बोलून दाखवली नाही. पाणी न पिणारी ती घोडी पलीकडच्या बाजूची होती.

पुढचं वाक्य आलं, “तिला वाटतं, मालक थकलेत. त्यांच्यावर कसलं तरी ओझं आहे.”

मामा गप्प झाले. उपरण्यानं नाक पुसलं. हळूच म्हणाले, “हे पुन्हा एकदा सांगा.”

मॅडमनी पुन्हा सांगितलं. साठी ओलांडलेल्या, दोन्ही पोरं शहरात असलेल्या शेतकऱ्याला तू थकलास का असं शेवटचं कुणी विचारलं होतं, मला माहीत नाही. माझ्या मते अठराशेपैकी हजार तिथंच वसूल झाले. ते घोडीच्या खात्यात मांडायचे की नाही, एवढाच प्रश्न.

आणि मग मॅडम म्हणाल्या, “तोंडाशी काहीतरी अडलंय. तिला काहीतरी सांगायचंय. घरातलंच काहीतरी आहे.”

मामांचा चेहरा पांढरा पडला. त्याचं कारण मला नंतर कळलं. रोज पहाटे खरारा करताना मामा चांदणीला सगळं सांगतात. सोयाबीनचा खरा भाव, दवाखान्यात डॉक्टरनं काय सांगितलं, आणि मुख्य म्हणजे एका मित्राच्या कर्जाला आपण जामीन राहिलो आहोत हे. मामीला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. मामी आतापर्यंत दाराशी लीद भरत उभी होती. ती घमेलं खाली ठेवून पुढं आली. “काय सांगायचंय म्हनतीय? बोलू द्या की तिला.”

“रेंज गेली,” मामा म्हणाले आणि फोन बंद केला. त्या वेळी मोबाइलवर रेंजच्या काड्या पुऱ्या होत्या.

घोड्याच्या मनातलं ओळखण्याचा हा खटाटोप आपल्याकडचाच आहे असं समजू नका. जगात जर्मनी, भारतात परभणी असं आम्ही म्हणतो ते उगीच नाही. या बाबतीत जर्मनी आमच्या पुढं शंभर-सव्वाशे वर्षं आहे. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे एक निवृत्त गणितमास्तर राहत. त्यांनी आपल्या हान्स नावाच्या घोड्याला शाळेतल्या पोरासारखं फळ्यासमोर उभं करून शिकवलं. हान्स बेरीज-वजाबाकी करी, अपूर्णांक सोडवी, तारीख सांगे. उत्तर जितकं असेल तितक्या वेळा खूर आपटून. मास्तर पैसे घेत नसत. 1904 साली हान्सच्या तपासणीला चौकशी समिती बसली. मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ, शिवाय पशुवैद्य, सर्कसवाला, घोडदळातला अधिकारी, शाळामास्तर. आमच्या पारावरच्या समितीहून फार वेगळी नव्हे. त्यांनी निर्वाळा दिला, फसवाफसवी काही नाही.

आणि ती नव्हतीच. श्टुम्फ यांचा विद्यार्थी ऑस्कर फुंग्स्ट यानं मात्र चिवटपणे एक साधा प्रयोग केला. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर काय होतं? हान्स खूर आपटतच राहिला. विचारणारा दिसणार नाही अशी सोय केली, तरी तेच. हान्सला गणित येत नव्हतं, त्याला माणसं येत होती. प्रश्न विचारणारा खुराकडं बघायला किंचित वाकायचा, आणि बरोबर आकडा आला की त्याच्याही नकळत त्याचं डोकं केसभर वर व्हायचं. तेवढं हान्सला पुरे होई. 1907 साली फुंग्स्टनं हे सगळं पुस्तक करून छापलं. यातला मला सर्वांत आवडलेला भाग पुढचा आहे. फुंग्स्ट स्वतःच घोडा झाला. समोरच्यानं मनात आकडा धरायचा आणि फुंग्स्टनं हातानं टेबलावर ठोके द्यायचे. बहुतेक वेळा तो बरोब्बर आकड्यावर थांबे. फॉन ओस्टेनना हे काही पटलं नाही. ते 1909 साली वारले तेही मनात राग धरूनच.

आमच्या नंदीवाल्याला आपला इशारा ठाऊक होता. जर्मन मास्तरांना ठाऊक नव्हता. मॅडमचं प्रकरण मी मास्तरांच्या खात्यात घालतो. समोरच्याचा श्वास, आवाजातला कंप, ‘हो मॅडम’ म्हणायला लागलेला उशीर, यातून त्यांना पुष्कळ काही कळत होतं, आणि ते खरंही होतं. फक्त ते मामांचं होतं. घोडी अर्ध्या हातावर उभी होती आणि तिचं कुणीच वाचत नव्हतं.

आपल्याकडं या बाबतीतली परंपरा तशी बरी आहे. धुपखेड्याच्या चांद पाटलाची घोडी हरवली होती. खोगीर खांद्यावर टाकून तो वणवण फिरत होता, तेव्हा आंब्याखाली बसलेल्या एका तरुण फकिरानं त्याला सांगितलं, त्या ओहोळाकडं बघ. घोडी तिथं सापडली. ही साईचरित्रातली गोष्ट, आणि ते साईबाबा आमच्या पाथरीचे, असं आम्ही परभणीकर ठासून सांगतो. यात लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे, फकिरानं घोडीचा मागचा जन्म सांगितला नाही. घोडी कुठं आहे ते सांगितलं. चिलीम पाजली ती वेगळी. पैठणला माउलींनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले, त्यालाही सातशे वर्षं होऊन गेली. पण तेव्हापासून आजतागायत जनावराच्या तोंडून आपल्याला आपलंच काहीतरी थोर ऐकायचं असतं. रेड्याला स्वतःला खांदा दुखतोय असं म्हणायचं असेल, तर त्याला श्रोते मिळत नाहीत.

शेवटी हे सगळं मामीनंच संपवलं. कर्जाचं प्रकरण अजून तिला कळायचं होतं, पण घोडीला काहीतरी सांगायचंय हे तिनं मनावर घेतलं होतं. मी गेलो तेव्हा तिनं माझ्यासमोर कागदावर दोन गोष्टी ठेवल्या. मला आधी वाटलं प्रसाद आहे. एका बाजूला लीद होती, काडीनं फोडलेली. तिच्यात हरभऱ्याचे दाणे साबूत, भिजवून ठेवलेत तसेच. दुसऱ्या बाजूला गव्हाणीखालून उचललेले कडब्याचे गोळे, कुणी पान खाऊन टाकलेल्या चोथ्यासारखे, लांबट, लाळेनं चिकट, आणि एकाला बारीक रक्ताचा धागा. “आता तुम्हीच सांगा भाऊ,” मामी म्हणाली. “चावता आलं असतं तर तिनं असं केलं असतं का?”

परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मामांच्या घरापासून तिथं पोचायला पुण्याला फोन लागण्यापेक्षा फारसा जास्त वेळ लागत नाही. पण आजवर तिथं न जाण्याचं कारण मामांनी दिलं होतं की डॉक्टर लगेच सुई टोचतात, आणि घोडीला मनाचा आजार आहे. चांदणीला टेम्पोत चढवलं. तिथल्या डॉक्टरांनी मामांची सगळी कथा ऐकून घेतली, तोफांसकट, आणि हात चांदणीच्या गालावरून बाहेरूनच दाबत नेला. एका जागी तिनं डोळा बारीक केला आणि मान झटकली. “हं,” डॉक्टर म्हणाले. त्यांच्याही बोलण्यात टेलिपथीचा अंश होता म्हणायचा. मग गुंगीचं इंजेक्शन, तोंड उघडं धरायचा लोखंडी सांगाडा, टॉर्च. मला आत बघायला बोलावलं. आधी वास आला, तो वर्णन करण्यासारखा नाही. मग दिसलं. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा पात्यासारख्या धारदार झालेल्या, आणि गालाच्या आतल्या मऊ बाजूला त्यांनी पाडलेली लांब, पांढरट-लाल चीर.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. मोठ्या घोड्याला 36 ते 44 दात असतात आणि दाढा आयुष्यभर हिरडीतून वर सरकत राहतात, वर्षाला साधारण दोन-तीन मिलिमीटर. दिवसभर गवत चघळलं की झीज आणि वाढ यांचा मेळ बसतो. पण वरचा जबडा खालच्याहून रुंद असतो. त्यामुळं वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड घासायची राहते, टोकदार होते, गाल आणि जीभ कापते. दाण्यागोट्यावर ठेवलेल्या, चरायला न सोडलेल्या घोड्यांत हे जास्त. लगामानं गाल दाढांवर दाबला गेला की जीव जातो. म्हणून मान झटकणं, म्हणून एका बाजूनं चावणं, म्हणून अख्खा हरभरा. मग त्यांनी लांब दांड्याची कानस आत घातली आणि घासायला सुरुवात केली. तो आवाज ज्यानं ऐकला त्याला डीजे सुसह्य वाटेल.

घोड्याचं दुखणं चेहऱ्यावर दिसतं हे आता विलायतेतही मान्य झालंय. 2014 साली इटली, जर्मनी आणि इंग्लंडमधल्या संशोधकांनी खच्चीकरण झालेल्या घोड्यांचे चेहरे टिपून वेदनेची मोजपट्टीच तयार केली. कान मागं ताठ, डोळे आवळलेले, डोळ्यावरचा भाग ताणलेला, चावायचे स्नायू फुगलेले, तोंड आवळून हनुवटी पुढं, नाकपुड्या ताणलेल्या. सहाही गोष्टी चांदणीनं चेहऱ्यावर महिनाभर लावून ठेवल्या होत्या. नॉर्वेवाल्यांनी तर त्याच्या पुढची पायरी गाठली. तिथं 23 घोड्यांना खुणांच्या पाट्या नाकानं शिवायला शिकवल्या: पांघरूण घाला, काढा, आहे तसं राहू द्या. घोडी हवामान बघून बरोबर पाटी शिवायची. हे 2016 साली छापून आलं. मी मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “आपल्या चांदणीला एकच पाटी शिकवा. डीजे बंद.”

कुणी मला विचारलं, की अशा मॅडमना घोडं दाखवावं का, तर मी म्हणेन खुशाल दाखवा. डॉक्टरला दाखवून झाल्यावर. अठराशे रुपयांत कुणी आपलं ऐकून घेत असेल तर आजच्या बाजारात महाग नाही. पण घोडं लोळायला लागलं, वळून वळून कुशीकडं बघू लागलं, घामानं भिजलं, तर फोटो काढत बसू नका. घोड्याला उलटी होत नाही. पोटशूळ उठला तर काही तासांत खेळ आटोपतो. तेवढ्यात त्याचा मागचा जन्म कळून उपयोग नसतो, पुढचा सुरू झालेला असतो.

चांदणी आठवड्याभरात खायला लागली आणि श्रेयाची वरात निघाली. सूनबाईचा फोन आला, मॅडमनी ‘तोंडाशी अडलंय’ असं स्पष्ट म्हटलं होतं की नाही? म्हटलं होतं, हे कबूल करावं लागलं. नजर उतरवणाऱ्यानं आपल्या लिंबाचा दाखला दिला. नंदीवाला परत आला तेव्हा त्यानं काही दावा केला नाही, पण नंदीनं आपण होऊन मान डोलावली. चाचा म्हणाले, “मैं तो बोल्या था, मुंडी टेढी है.” मामीनं कसलाच दावा केला नाही; ती लीद भरत होती. मामांनी मात्र सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि नव्या लग्नसराईसाठी घोडीचा भाव वाढवला. गावोगावच्या नवरदेवांना ते आता सांगतात, घोडी साधी नाही, घोडदळातली आहे. गिऱ्हाईक घासाघीस करत नाही.

एक बदल मात्र झालाय. मामा खरारा करताना आता चांदणीशी अवाक्षर बोलत नाहीत. मन मोकळं करायला संध्याकाळी अंगणातल्या ट्रॅक्टरवर जाऊन बसतात आणि स्टेअरिंगवर वाकून पुटपुटत असतात. “याचा फोटो कुनाला बी पाठवा,” ते मला म्हणाले, “काय बी निघायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी मामीनं मला चुलीपाशी बोलावलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “भाऊ, त्या मॅडम मानसाचं बी बघतेत का? फोटो हाय माझ्यापाशी. दोन्ही डोळे दिसतेत.”